पूर आल्यावर कारकून कुठे जातात

मॅकल वळण
११ फेब्रुवारी १९६३

प्रिय लीथ,

तू कॅनबेराला परत गेल्यापासून घर स्वच्छ आहे आणि मला ते मुळीच आवडत नाही. न्हाणीघरात बरण्या नाहीत, चहाच्या बशीत टाचणी टोचलेला किडा नाही. तुझी आठवण मात्र पक्की चिकटवून गेला आहेस. व्हरांड्याच्या खांबांना तू ते काळे चिकट पट्टे गुंडाळलेस ना, त्यातल्या एकाला काल माझा चर्चचा झगा चिकटला. "खालून वर काय चढतं ते कळायला हवं, मावशी, काढू नकोस," असं बजावून गेलास म्हणून काढलेले नाहीत. आतापर्यंत थोड्या माश्या, एक कोळी आणि तुझी मावशी, एवढेच सापडलेत.

रोज संध्याकाळी दूध काढून झालं की नदीच्या गोट्यांच्या काठावर चक्कर मारते. तुझे तांबूस हिरवे किडे मजेत आहेत. तू सांगितलेलं लांबलचक नाव माझ्या तोंडात बसत नाही. मी त्यांना कारकून म्हणते. मान खाली, पाय भरभर, आणि एवढं धावून काम काय केलं ते कुणालाच कळत नाही. त्यांच्या पाठीवर तू दिलेले लाल ठिपके अजून शाबूत आहेत. जाता जाता सांगते, तुझ्या आईची नेलपॉलिशची बाटली हरवली आहे आणि तिचा संशय शेजारणीवर आहे. मी गप्प बसले आहे.

तुझ्या आईच्या, मोयराच्या, पत्रात बाकी नेहमीचंच होतं. टेड गेला, तू एकटी, नदीकाठची सखल जमीन, ये ग्राफ्टनला, माझी मागची खोली रिकामीच आहे. शेवटी मी वैतागून तिच्याशी ठराव केला. यंदा पूर आला आणि मी वेळेत, आपल्या पायांनी टेकडीवर पोचले, तर तिने तो विषय कायमचा मिटवायचा. मला कुणी बाहेर काढायची पाळी आली, तर मी पेटी भरून मुकाट तिच्या मागच्या खोलीत जायचं. तिने होकार इतक्या झटपट पाठवला की मला जरा धसकाच बसला.

पण वेळेत निघण्यात अवघड काय आहे? इथे सगळे मुंग्यांकडे बघून गुरं हलवतात. मुंग्या अंडी तोंडात धरून खांबावर चढायला लागल्या की शेजारचा ऑसी ब्लांच आपल्या गाई टेकडीकडे हाकतो आणि मागोमाग मी माझ्या. माझे सासरे, टेडचे वडीलही तेच करायचे. ही जमीन मी सोडणार नाही, लीथ. मला त्या मागच्या खोलीतून नदी दिसत नाही, शेजाऱ्याचं गॅरेज दिसतं.

तुझी,
उना मावशी

---

कॅनबेरा
१९ फेब्रुवारी १९६३

प्रिय उना मावशी,

नेलपॉलिशबद्दल तू तोंड उघडलंस तर मी तुझ्या फ्रूटकेकमध्ये रम किती असते ते चर्चच्या बायकांना कळवेन.

कारकून हे नाव मी इथे प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगितलं. आमचे साहेब, डॉक्टर हॅलोरन, सोडून सगळे हसले. साहेबांचं मत ठाम आहे. त्यांच्या मते पूर आला की काठावरचे कारकून बुडून मरतात, आणि पाणी उतरल्यावर आपल्याला दिसतात ते वरच्या अंगाने वाहत आलेले नवे. मला ते पटत नाही. ज्या जिवाचं घरच पुराच्या वाटेत आहे त्याला पुराचं काहीच येत नसेल, हे कसं शक्य आहे? वाळूत बिळं करून राहणाऱ्या एका जातीच्या अळ्या बिळाचं तोंड मातीने बंद करून आतल्या हवेवर दिवस काढतात. झाकणवाला कोळी झाकण ओढून घेतो. पिसवांएवढे काही जीव तर पाण्यावर नुसते बसून राहतात, भिजतच नाहीत. मग कारकूनच एवढे बावळट का असतील? म्हणून ते लाल ठिपके. पुरानंतर एक जरी ठिपकेवाला त्याच काठावर सापडला, तर तो नवा नाही, जुनाच आहे, हे साहेबांनाही मानावं लागेल.

पूर आलाच तर माझ्यासाठी एवढंच बघ. कारकून उडून जातात, झाडावर चढतात, की गोट्यांच्या फटीत खाली उतरतात? पण जे काय बघायचं ते व्हरांड्यातून. वेगळ्या टपालाने दुर्बीण पाठवतो आहे.

आणि मुंग्यांवर फार भिस्त ठेवू नकोस. त्यांना पूर आधी कळतो असं मला वाटत नाही. पायाखालची जमीन ओली झाली की त्या निघतात, बस. म्हणजे त्या निघाल्या तेव्हा तुझ्या हातात फारसा वेळ नसतो. आईने मला रोज सकाळी हवामानाची बातमी ऐकायला लावलं आहे.

तुझा,
लीथ

---

मॅकल वळण
९ मार्च १९६३

प्रिय लीथ,

पूर येऊन गेला. मी ठणठणीत. पाणी तिसऱ्या पायरीला शिवलं आणि आल्या वाटेने परत गेलं. गाई आधीच टेकडीवर होत्या. मोयराला तसं कळवलं आहे. आता तिने ती मागची खोली एखाद्या शिक्षिकेला भाड्याने द्यावी.

आता कामाचं. खुर्ची ओढून घे.

पाणी चढायला लागलं तेव्हा माझा एक भोपळा वाहत चालला होता आणि त्याच्यावर मुंग्यांनी एवढी गर्दी केली होती की भोपळ्याचा रंग दिसेना. भोपळा उलटला की वरच्या मुंग्या पाण्याखाली जायच्या आणि खालच्या वर यायच्या. कुणी कुणाला सोडत नव्हतं. अंडी सगळ्यांच्या मधे. मी त्यांना ओरडून सांगितलं की पुढे कुंपण आहे. कुंपणाला लागून भोपळा थांबला तर त्या तारेवर उतरल्या, पण तिथे आधीच कोळ्यांनी मुक्काम ठोकलेला. लीथ, सगळ्या कुंपणावर जाळं! तारा, खांब, कडेचं झुडूप, सगळं पांढरं. जणू कुणी धुतलेल्या चादरी वाळत घातल्यात. एरवी हे कोळी एकमेकांना खातात. त्या दिवशी शेजारी शेजारी बसले होते. रविवारी चर्चमध्ये आम्ही बसतो तसे.

आणि कारकून! कारकून चढतात. गोठ्याजवळचं ते कागदासारख्या सालीचं झाड आठवतं ना, त्याच्या सालीचे पदर सुटलेले असतात. टेडने झाडाला टांगलेल्या कप्पीच्या थोडं वर, उत्तरेच्या फांदीवर, सालीचा एक पदर उचलला तर आत कारकून ओळीने बसलेले. पाणी कप्पीच्या खाली वीतभर असेल. सगळ्यांची तोंडं वरच्या बाजूला. बोट लावलं तरी हलले नाहीत. एरवी सावली पडली तरी पळणारे ते! बोटाला आंबूस वास मात्र आला, तो साबणानेही जात नाही. पदर पुन्हा होता तसा ठेवला. सालीच्या आत कोरडं ठणठणीत होतं, बाहेर पाऊस पडत होता तरी. लाल ठिपकेवाला एकही दिसला नाही. मला त्याचं वाईट वाटलं.

दुर्बीण छान आहे.

तुझी,
उना मावशी

---

कॅनबेरा
१६ मार्च १९६३

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी उभ्याउभ्याच वाचलं आणि आनंदाने ओरडलो. कारकून सालीत बसतात, एका दिशेला तोंड करून, हे आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नाही. साहेबांना नेऊन दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पत्र पुन्हा वाचलं आणि विचारलं, "या बाई होत्या कुठे?"

मी म्हणालो, व्हरांड्यात. दुर्बीण होती.

ते म्हणाले, "दुर्बिणीने बोट लावता येत नाही."

मग मी खाली बसलो. मावशी, ती कप्पी मी ओळखतो. जानेवारीत तिला नवा दोर मीच बांधला, शिडीवर चढून. शिडीवरून मला तुझ्या घराच्या छपराची पन्हळ अगदी डोळ्यांसमोर दिसत होती. पाणी कप्पीच्या खाली वीतभर असेल तर तुझ्या घरात ते खिडक्यांच्या वर होतं. तिसरी पायरी कसली सांगतेस? तू त्या झाडावर होतीस. भर पुरात, पासष्टाव्या वर्षी, फांदीला धरून.

आणि का होतीस तेही मला समजलं आहे, आणि ते माझ्या मनातून जात नाही. तू रोज व्हरांड्यातून खांबांकडे बघतेस. मुंग्या चढल्या की निघायचं. पण खांबांना माझे चिकट पट्टे होते. मुंग्या खालीच अडकल्या असणार. तुला इशारा मिळालाच नाही, पाणी मात्र आलं. माझ्या अभ्यासापायी तू बुडाली असतीस.

आईला मी काही सांगितलेलं नाही. तुमच्या ठरावाचं म्हणशील तर चूक माझी आहे, त्यामुळे तो धरायचा नाही असं मला वाटतं. पण मला खरं काय ते लिही. रागावून लिहिलंस तरी चालेल.

लीथ

---

ऑसीच्या माळ्यावरून
२४ मार्च १९६३

लीथ, बाळा,

लबाडी करायला डोकं थंड लागतं. किड्यांचं लिहायला बसले आणि कप्पी कशी लिहून गेले ते कळलंच नाही. तुझे साहेब हुशार आहेत, मला मुळीच आवडले नाहीत.

पण आधी ते पट्ट्यांचं ओझं मनातून काढ. मुंग्या दिसल्या होत्या मला. खांबावर नाही, कपडे वाळत घालायच्या दोरीला जो बांबूचा टेकू आहे त्यावर. सकाळी चादरी काढायला गेले तर टेकूवर काळी रांग, प्रत्येकीच्या तोंडात अंडं. ऑसी गाई हाकत फाटकाशी आलाच होता. "वहिनी, चला," म्हणाला. मी माझ्या गाई त्याच्या हवाली केल्या आणि म्हटलं, "तू हो पुढे, मी आलेच."

आणि मी नदीवर गेले.

का म्हणशील तर तू विचारलं होतंस म्हणून. तेही अर्धंच खरं. मलाच राहवेना. चाळीस वर्षं त्या काठावर मी गुरांना पाणी पाजलं आणि पूर आल्यावर ते जीव कुठे जातात हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तू विचारलंस आणि तो माझ्या डोक्यात घर करून बसला. पाणी गोट्यांच्या कडेला लागलं होतं. काही कारकून उडाले, पंख उघडून थेट टेकडीकडे. काही गवतातून झाडाकडे धावत सुटले. आणि काही, लीथ, उलटे फिरले! पाण्याच्या दिशेने गेले आणि गोट्यांच्या फटीत खाली उतरले. त्यातल्या एकाच्या पाठीवर लाल ठिपका होता. तो माझ्या बुटाशेजारच्या चपट्या दगडाखाली गेला. मला वाटलं, चुकला असेल, येईल वर. मी तिथे उकिडवी बसून त्याची वाट बघत राहिले. पाणी दगडावर चढलं तरी तो आला नाही.

मागे वळले तर मागचा ओहळ भरून वाहत होता. आमच्याकडे पाणी आधी मागून येतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. टेकडीची वाट गेली होती. झाडापर्यंत पोचले, टेडने ठोकलेल्या खुंट्यांना धरून वर चढले. पलीकडच्या फांदीवर एक काळा साप होता. आम्ही दिवसभर एकमेकांकडे बघितलं नाही. मी घाबरले होते, खूप घाबरले होते. घराच्या खिडकीतून माझी गादी बाहेर पडून वाहत गेली ती मी वरून बघितली. मग हाताशी सालीचा पदर आला, तो उचलला, आणि आत ते बसले होते. त्यानंतर भीती गेली असं नाही, पण तिच्याशिवाय करायला काहीतरी होतं.

दुपारी ऑसी होडी घेऊन आला. खालून म्हणतो कसा, "वहिनी, वर काय आहे एवढं?" मी म्हटलं, "कारकून." त्याला वाटलं, माझं डोकं फिरलं. कुणाला सांगायचं नाही अशी शपथ त्याला घातली. घरात अजून चिखल आहे, म्हणून त्याच्या गवताच्या माळ्यावर झोपते.

तेव्हा चूक तुझी नाही. मी पायांनी नाही, होडीतून बाहेर आले, तीही माझ्याच हौसेपायी. मोयराला आजच सगळं लिहिलं. खोटं बोलून राखलेल्या जमिनीत मला नीट झोप लागणार नाही. पेटी भरायला घेतली आहे.

तो ठिपकेवाला मात्र मनातून जात नाही. काठावर आता गाळाचा थर आहे. मी अजून तिथे गेलेले नाही. जायचा धीर होत नाही.

उना मावशी

---

कॅनबेरा
३० मार्च १९६३

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचून मी हसलो की रडलो ते सांगत नाही. तू मला पट्ट्यांतून सोडवलंस आणि स्वतःला अडकवलंस.

ईस्टरला मी येतो आहे, पण आई तोवर थांबेल असं वाटत नाही. म्हणून जायच्या आधी एक कर. तो चपटा दगड शोध. त्याच्या भोवतीचा गाळ फावड्याने हलकेच बाजूला सार आणि गोट्यांवर बादलीभर पाणी ओत. जोरात नको, सावकाश. फटींत पाणी शिरलं की खाली दडलेले कारकून वर पळत येतात. आम्ही त्यांना असंच शोधतो. ते पाण्याखाली जिवंत राहिले असतील तर ते कसं, हे मला नीट माहीत नाही. गोट्यांमध्ये हवेची फट राहत असेल, किंवा ते जवळजवळ निजून जात असतील, श्वासही नावापुरता. कुणीही वर आलं नाही तर साहेबांचं खरं. तसं असेल तर तसं लिही. पण एकटीने जाऊ नकोस.

तुझा,
लीथ

---

मॅकल वळण
७ एप्रिल १९६३

प्रिय लीथ,

तुझ्या आईने माझ्या पत्राला उत्तर पाठवलंच नाही. ती स्वतःच आली, मलईचे डबे नेणाऱ्या ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसून, डोक्यावर हॅट, पायात टाचांचे बूट. उतरल्या उतरल्या म्हणाली, "उने, झाडावर? आपली आई वरून बघत असती तर तिथून खाली पडली असती." मग माझ्या गळ्यात पडली आणि रडली. मीही रडले. ड्रायव्हर डबे मोजायचं नाटक करत होता.

माझी पेटी तयार होती. शब्द दिला तो दिला. तिने पेटी बघितली आणि तिला जरा ओशाळल्यासारखं झालं, कारण ती भांडायच्या तयारीने आली होती आणि भांडायला कुणी मिळालं नाही. मी म्हटलं, "एकच काम राहिलंय, काठावर. लीथने एकटीला जायची बंदी घातली आहे, तेव्हा तू चल."

"या बुटांत?"

"काढ की."

तिने काढले नाहीत. चिखलातून तोल सावरत आली, सगळ्या वाटेने मला शिव्या देत. चपटा दगड सापडला. मी गाळ सारला, बादली ओतली. काही नाही. नुसते बुडबुडे आले. मी दुसरी ओतली. काही नाही. मला एकदम हुंदका आला, लीथ. गादी वाहून गेली तेव्हा आला नव्हता. मला वाटलं, तो खाली गेला तेव्हा मी त्याला चुकला म्हणत होते, आणि तो खरंच चुकला होता.

मोयराने माझ्या हातातली बादली ओढून घेतली. "तू पाणी ओततेस की बैलाला आंघोळ घालतेस? सावकाश ओत असं लिहिलंय ना त्याने?" आणि तिने वाकून, गुलाबांना घालते तसं, हळूहळू फटीफटीत पाणी सोडलं.

आधी एक आला. चिखलाने बरबटलेला, गोंधळलेला, साध्या पाठीचा. मग आणखी. मग दगडाच्या कडेतून एक बाहेर पडला आणि तुझ्या आईच्या बुटावर चढला. ती किंचाळली. पाय झटकणार तेवढ्यात थांबली, चष्मा वर सारून खाली वाकली आणि बराच वेळ त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

"उने," ती म्हणाली, "ही माझी नेलपॉलिश आहे."

मी फावडं पुसायला घेतलं. तुझं तू बघ.

पण ती रागावली नाही. ओल्या गोट्यांवर बसली, त्या हॅटसकट. "हा पूरभर खाली होता? या पाण्याखाली?" मी हो म्हटलं. "आणि झाडावरचे?" तेही खाली आलेत, म्हटलं, हे साध्या पाठीचे बहुतेक तेच. "उडून गेलेले?" त्यांचं ठाऊक नाही, पण परत येत असतील, नाहीतर दर पुराबरोबर काठ रिकामा झाला असता. कारकून तिच्या बुटावरून उतरून आपल्या कामाला लागला. काम काय, ते नेहमीप्रमाणे कळलं नाही.

मग ती नदीकडे बघत म्हणाली, "जानेवारी ते एप्रिल माझ्या मागच्या खोलीत. पुराचे दिवस. गाई ऑसीकडे ठेवायच्या. बाकीचं वर्षभर तू इथे काय करतेस ते मी विचारणार नाही." मी म्हटलं, ठराव तसा नव्हता. ती म्हणाली, "ठराव दोन म्हाताऱ्यांनी केला होता, तेव्हा त्यांच्यातल्या कुणालाच काही माहीत नव्हतं."

म्हातारी म्हणाली मला. मी ऐकून घेतलं.

एवढ्यात वरून ट्रकचा भोंगा वाजला. ड्रायव्हरला पेटी घेऊन निघायचं होतं. मी उठले. मोयरा उठली नाही. "त्याला सांग, पेटी उतरवून ठेव आणि तू जा, आम्ही दोघी थांबतोय," म्हणाली. मग टाचांचे बूट काढून तिने दगडावर ठेवले, बादली घेतली आणि अनवाणी नदीत उतरून आणखी पाणी भरायला गेली.

तुझी,
उना मावशी